सिल्व्हर फॉल्सची ६० किलोमीटरची सायकलफेरी: कधी निघायचं, कुठल्या बाजूने फिरायचं

ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या दक्षिणेला तासा-सव्वा तासाच्या अंतरावर सिल्व्हर फॉल्स स्टेट पार्क आहे. दहा धबधबे, त्यांना जोडणारी पायवाट आणि भोवती शेतं, टेकड्या, झाडांच्या नर्सऱ्या. बीव्हर्टन-हिल्सबोरोकडच्या मराठी घरांतून पाहुणे आले की त्यांना हमखास इथे आणलं जातं, पण गाडीने. सायकलने जायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, 'चढ किती आहे?' चढ झेपण्यासारखा आहे. ही फेरी चांगली होणार की जिवाला घोर लावणार, हे पायांच्या ताकदीपेक्षा तुम्ही किती वाजता निघता आणि कुठल्या बाजूने फिरता यावर ठरतं. म्हणून आधी वेळ आणि दिशा, मग सायकल, मग खाणं.

फेरीचा आराखडा

सुरुवात सिल्व्हर्टन गावातून करा. तिथून २१४ क्रमांकाचा रस्ता आग्नेयेला चढत जातो, ड्रेक्स क्रॉसिंग नावाच्या वस्तीवरून उद्यानात शिरतो, दरीला वळसा घालतो आणि पश्चिमेकडे खोऱ्यात उतरतो. खाली कॅस्केड हायवे नावाचा रस्ता लागला की उजवीकडे वळायचं आणि उत्तरेला थेट सिल्व्हर्टन. नावात हायवे असला तरी हा शेतांमधून जाणारा साधा दोन पदरी रस्ता आहे. सिल्व्हर्टन ते साउथ फॉल्स साधारण २४ किलोमीटर, तिथून कॅस्केड हायवेपर्यंत साधारण १६ आणि परतीचे १८ ते २०. सिल्व्हर्टन समुद्रसपाटीपासून ७५ मीटरच्या आसपास, उद्यान ४०० मीटरच्या वर. मधले चढउतार धरून दिवसभरात अंदाजे ८०० मीटरची चढण होते. रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मैलांत असतात. सायकलच्या मीटरवर किलोमीटर ठेवला असेल तर १५ मैल म्हणजे २४ किलोमीटर एवढं डोक्यात असू द्या.

फेरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच करा. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. या दिशेने गेलात तर मोठी वळणं उजवीकडची येतात, म्हणजे समोरून येणारी वाहतूक ओलांडून जाण्याची वेळ क्वचितच येते. दरीही उजव्या हाताला राहते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. सिल्व्हर्टनहून वर जाणारा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, आणि बऱ्याच ठिकाणी साइडपट्टी नावापुरतीच आहे. चढावर तुमचा वेग ताशी १० किलोमीटर, मागून येणाऱ्या गाडीचा ८० च्या पुढे. हा टप्पा गाड्या यायच्या आधीच उरकायला हवा. उलट दिशेने गेलात तर याच अरुंद रस्त्यावर ऐन दुपारच्या गर्दीत उतरावं लागतं.

या दिशेचा एक तोटा आहे. उन्हाळ्यात विलामेट खोऱ्यात दुपारी वारा बहुधा उत्तरेकडून वाहतो आणि परतीचे शेवटचे १८ किलोमीटर तो तोंडावर येतो. वाऱ्याने वेळ जातो, दमछाक होते, पण धोका वाढत नाही. गर्दीपेक्षा वारा परवडला.

कुठला दिवस, कुठली वेळ

शनिवार किंवा रविवार, सकाळी सहा ते साडेसहा. आठवड्याच्या मधल्या दिवशी लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक पहाटेपासून धावतात. शनिवार-रविवारी ते फारसे नसतात. पर्यटकांच्या गाड्या असतात, पण त्या नऊनंतर वाढायला लागतात. मधले अडीच-तीन तास सायकलवाल्याचे.

धबधब्यांना पाणी मार्च ते मेमध्ये भरपूर असतं. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत साउथ फॉल्ससुद्धा बारीक होतो. मात्र मार्च-एप्रिलमध्ये रस्ता ओला आणि सकाळ गारठ्याची असते. दोन्ही साधायचं असेल तर मे अखेर ते जूनचा मध्य हा काळ सर्वांत चांगला: दिवस मोठा, पाणी शिल्लक, ऊन सोसवणारं.

जुलैत खोऱ्यात गवताच्या बियाण्याची कापणी चालते. अमेरिकेतल्या हिरवळींसाठी लागणाऱ्या बियाण्याचा मोठा वाटा याच खोऱ्यातून जातो. कापणीच्या दिवसांत हवेत धूळ असते आणि रस्त्यावर रुंद यंत्रं. दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असेल तर हे आठवडे टाळा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वणव्यांचा धूर येऊ शकतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये जवळच्या सँटियम खोऱ्यात भीषण आगी लागल्या होत्या. हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक (एक्यूआय) १०० च्या वर असेल तर बेत पुढे ढकला. चढावर श्वास कित्येक पटींनी वाढतो, म्हणून घरात बसून सहन होणारा धूर इथे छातीत भरतो.

सप्टेंबर अखेरपासून आणखी एक गोष्ट बदलते. सकाळचा सूर्य आग्नेयेच्या बाजूला, क्षितिजालगत असतो आणि रस्ताही तिकडेच जातो. मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत तो थेट शिरतो आणि तुम्ही त्याला अक्षरशः दिसत नाही. त्या दिवसांत सूर्य जरा वर आल्यावर, साडेआठच्या सुमारास निघा. नोव्हेंबरमध्ये मोठ्या पानांच्या मेपलचा सडा वळणांवर पडून कुजतो, आणि नाताळच्या झाडांची तोडणी सुरू होऊन त्यांचे ट्रक रस्त्यावर येतात. तेव्हा सायकल घरी ठेवा, धबधबे पायी पाहा.

सायकलची तयारी

टायर २८ मिलिमीटरपेक्षा अरुंद नको. ३२ चा बसत असेल तर तोच घाला. इथल्या ग्रामीण रस्त्यांवर डांबराच्या पातळ थरावर बारीक खडी दाबून रस्ता नवा करतात. त्यावर अरुंद, दगडासारखा टणक फुगवलेला टायर हातांना मुंग्या आणतो आणि सुट्या खडीवर घसरतो. ७५ किलो वजनाच्या माणसासाठी, आत ट्यूब असलेल्या २८ च्या टायरला पुढे ७० आणि मागे ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावर लिहिलेलं असतं), ३२ च्या टायरला पुढे ५५ आणि मागे ६० ही सुरुवात धरा. रस्ता ओला असेल तर दोन्हीकडे ५ कमी करा.

गिअरबद्दल आकड्यांत बोलू. पुढे ३४ दाती आणि मागे ३२ दाती चाक असेल तर पायांची लय मिनिटाला ७० फेऱ्या ठेवून वेग ताशी सुमारे ९.४ किलोमीटर पडतो. सहा टक्क्यांच्या चढावर, माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरलं तर, त्याला साधारण १३५ ते १४० वॉट लागतात. नियमित सायकल चालवणाऱ्याला हे जमतं. आता जुनी ३९ आणि २५ ची जोडी घ्या. त्याच वेगाला लय ४८ वर येते. ताकद तेवढीच लागते, पण प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जवळजवळ दीडपट जोर. तासाभराने गुडघ्याची वाटी दुखायला लागते आणि माणूस दोष वयाला देतो. मागची कॅसेट, म्हणजे दाती चाकांचा संच, बदलून घ्या. त्यासोबत मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, एवढं मोठं चाक झेपवणारा आहे ना, हे दुकानात विचारून घ्या.

भारतातून नुकतं आलेल्यांनी किंवा भाड्याची सायकल घेणाऱ्यांनी एक गोष्ट गावातच तपासावी. अमेरिकेतल्या सायकलींना पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. आपल्याकडे तो उजव्या हाताला असतो. सवयीने डावा ब्रेक मागचा समजून उतारावर जोरात दाबला तर पुढचं चाक अडकतं आणि माणूस हॅन्डलवरून पुढे जातो. सायकल ढकलत चाला, एकेक ब्रेक दाबा, कुठलं चाक थांबतं ते बघा आणि पाच मिनिटं मोकळ्या जागेत हाताला सवय लावा. आरसा लावणार असाल तर हॅन्डलच्या डाव्या टोकाला, कारण वाहनं डावीकडून पुढे जातात.

मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा. डग्लस फरच्या घनदाट झाडांच्या सावलीतून उन्हात आणि उन्हातून पुन्हा सावलीत जाताना चालकाचे डोळे क्षणभर दिपतात, आणि काळा-निळा शर्ट त्या सावलीत विरघळून जातो. फ्लोरोसंट पिवळा किंवा नारिंगी घाला.

सोबत दोन ट्यूब, प्लास्टिकचे दोन टायर-लिव्हर, पंप, ॲलन की असलेला छोटा पाना, चेनची एक जोडकडी, पॅचचं पाकीट आणि जुन्या टायरचा दोन इंची तुकडा. टायरची कड फाटली तर आतून लावायला हाच तुकडा कामी येतो. वाटेत सायकलचं दुकान नाही.

पंक्चर: घाई केली की दुसरं होतं

इथलं पंक्चर बहुधा तीन गोष्टींनी होतं: ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी तार, काच, आणि ब्लॅकबेरीचा काटा. रस्त्याकडेला माजलेल्या या झुडपाला तिकडे 'हिमालयन ब्लॅकबेरी' म्हणतात, पण त्याचा हिमालयाशी काही संबंध नाही. मूळ आर्मेनियाच्या बाजूचं आहे. कडेची झुडपं छाटली की काटेरी तुकडे साइडपट्टीवर पडून राहतात.

सायकल रस्त्यापासून दूर, गवतात न्या. चाक काढण्याआधी चेन सर्वांत छोट्या दाती चाकावर आणा, म्हणजे मागचं चाक सहज निघतं. टायरची एकच बाजू काढा आणि ट्यूब बाहेर घेताना ती टायरमध्ये कशी बसली होती ते लक्षात ठेवा. व्हॉल्व्हपासूनचं अंतर मोजलं की टायरवरची नेमकी जागा सापडते. ट्यूबमध्ये हवा भरून ती ओठांजवळ फिरवा, बारीक झुळूकही कळते. मग छिद्र वाचा. बाहेरच्या बाजूला एक छिद्र म्हणजे काटा किंवा तार. शेजारी-शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेमटली. आतल्या, रिमकडच्या बाजूला छिद्र म्हणजे रिमची पट्टी सरकली आहे. ती सरळ न करता नवी ट्यूब घातली तर तीही जाईल.

टायरची आतली बाजू बोटांनी हळूच, सगळ्या परिघावर चाचपा. बारीक तार नजरेला दिसत नाही, बोटाला टोचते. ती न काढता ट्यूब बदलली की दोन किलोमीटरवर पुन्हा बसकण. नवी ट्यूब घालण्याआधी तिला थोडी हवा द्या, म्हणजे पीळ पडत नाही. टायरची कड चढवायला व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून सुरुवात करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी, अंगठ्यांनी. लिव्हरने शेवट केला तर ट्यूब चावली जाते.

चढ आणि ट्रक

सिल्व्हर्टनबाहेर पडताच पाय गरम व्हायच्या आत चढ सुरू होतो. गावातच दहा मिनिटं सपाटीवर फिरून घ्या. हा आपल्या घाटासारखा सलग चढ नाही. चढ, जरा दम घ्यायला सपाटी, छोटा उतार, पुन्हा चढ. छोट्या उतारांवर मिळवलेला वेग पुढच्या चढात वापरायचा मोह होतो. पहिल्या पाऊण तासात तो आवरा. बोलताना वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग जास्त आहे असं समजा.

कडेला चिकटून चालवू नका. पांढऱ्या रेषेच्या आत, गाडीच्या उजव्या चाकाच्या रेषेत राहा. अगदी कडेने गेलात तर चालकाला वाटतं, समोरून गाडी येत असतानाही आपण दोघं मावतो. ओरेगनच्या कायद्याने ताशी ३५ मैलांपेक्षा जास्त वेगाने सायकलला ओलांडताना, सायकलवाला आडवा पडला तरी लागणार नाही एवढं अंतर सोडावं लागतं. वाहतुकीला अडथळा होत नसेल तर दोघांनी शेजारी चालवायला मुभा आहे, पण या चढावर एकामागे एकच. २०२० पासून ओरेगनमध्ये सायकलवाल्याला स्टॉपच्या पाटीपाशी वेग कमी करून, रस्ता मोकळा असेल तर न थांबता जाता येतं. लाल सिग्नलला मात्र ही सवलत नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट बंधनकारक आहे. मोठ्यांनी ते न सांगता घालावं.

ओंडक्यांच्या ट्रकबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. लांब वाहन वळतं तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने येत नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. उजव्या वळणावर ही आतली बाजू म्हणजे तुमची साइडपट्टी. ट्रकचं तोंड हातभर अंतर सोडून गेलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ट्रेलर अजून यायचा असतो. उजव्या वळणावर मागून जड इंजिनाची घरघर आली तर सरळ उतरा, सायकल गवतात घ्या, जाऊ द्या. अर्धा मिनिट जातो.

खाणं-पाणी

तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं आणि ५०० ते ७०० मिलिलीटर पाणी हा हिशोब. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम, मोठ्या मेजूल खजुरात १८. शेंगदाण्याच्या ३० ग्रॅम चिक्कीत १५ ग्रॅमच्या आसपास मिळतात, पण तिच्यात तेल जास्त, ती सावकाश पचते. म्हणून चढाच्या आधी केळं-खजूर आणि चिक्की विसाव्याला. एका बाटलीत घरचं सरबत: ७५० मिलिलीटर पाणी, ४० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. साखर याच्या दुप्पट केली तर पोटात डचमळतं. दुसरी बाटली साध्या पाण्याची. भूक लागायची वाट पाहू नका. निघाल्यावर अर्ध्या तासाने पहिला घास. पाणी उद्यानात भरून घ्या.

उद्यानात

उत्तरेकडून येताना आधी नॉर्थ फॉल्स लागतो, ४१ मीटर उंच. इथून एक छोटी वाट पुलाखालून अपर नॉर्थ फॉल्सकडे जाते. दोन-तीनशे मीटरच चालायचं, आणि सकाळी आठला तिथे बहुधा कुणी नसतं. दोन-अडीच मैल पुढे साउथ फॉल्स, ५४ मीटर. दहाही धबधबे जोडणारी वाट ७.२ मैलांची आहे. फेरीच्या दिवशी ती करू नका, परतीच्या वाऱ्यासाठी पाय उरणार नाहीत. साउथ फॉल्सच्या मागून जाऊन पुलावरून परत येणारा मैलभराचा फेरा पुरे. दरीतल्या पायवाटेवर सायकल नेता येत नाही. स्टँडला फ्रेम आणि चाक दोन्ही अडकतील असं कुलूप लावा, मीटर आणि दिवे काढून खिशात घ्या. बुटांखाली रोड सायकलच्या, पेडलला अडकणाऱ्या मोठ्या प्लास्टिकच्या क्लीट असतील तर ओल्या दगडावर त्या साबणासारख्या निसटतात. तळव्यात रुतलेल्या छोट्या क्लीटचे बूट घाला किंवा हलक्या चपला पिशवीत न्या.

धबधब्याच्या मागे उभं राहिलात की डोक्यावरचा खडक न्याहाळा. काळा, उभ्या भेगांचा, ओळखीचा. बेसॉल्टच तो, सह्याद्रीसारखाच लाव्हाच्या थरांतून झालेला. फक्त दख्खनचे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचे आणि हे दीड कोटी वर्षांच्या आसपासचे. लाव्हाखालचा मऊ थर पाण्याच्या तुषारांनी झिजला, वरचा कठीण बेसॉल्ट छतासारखा राहिला, म्हणून पडद्यामागून चालता येतं. या जागेला राष्ट्रीय उद्यान करावं म्हणून सिल्व्हर्टनचा छायाचित्रकार जून ड्रेक अनेक वर्षं झटला. १९२६ मध्ये पाहणी झाली, आणि तोडलेल्या झाडांचे हजारो बुंधे दिसतात म्हणून नकार आला. १९३३ मध्ये ते राज्य उद्यान झालं. आज ज्या सावलीतून सायकल जाते तिथला बराच भाग त्यानंतर वाढलेला आहे.

लहान मुलं सोबत असतील तर पूर्ण फेरीचा आग्रह सोडा. गाडीने साउथ फॉल्सला या, पार्किंगचं शुल्क भरा आणि जंगलातून जाणारी चार मैलांची डांबरी सायकलवाट करा. वळणांवर चालणारे लोक असतात, घंटी हवी.

उतार आणि परत

दहा-साडेदहाला उद्यान सोडा. निघण्याआधी पातळ विंडचीटर चढवा. तुषारांनी ओला झालेला शर्ट उतारावर पाच मिनिटांत बोटं बधिर करतो आणि बधिर बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही.

उतारावर वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. हात हॅन्डलच्या खालच्या भागावर, बाहेरचा पाय खाली आणि वजन त्याच्यावर, नजर वळणाच्या पलीकडे. झाडीतल्या वळणांवर, जिथे ऊन पोचत नाही, रस्त्याच्या मध्यरेषेशी आणि कडेला शेवाळाचा हिरवट पट्टा असतो. चाकं जिथून जातात ते दोन माग स्वच्छ असतात, त्यातलाच उजवा धरा. कच्चे रस्ते जिथे येऊन मिळतात तिथे खडी पसरलेली असते. खडीवर आलात तर ब्रेक सोडा, सायकल सरळ करा, पार झाल्यावर पुन्हा वळवा. रिम ब्रेक असतील तर ओल्यात पहिली एक-दोन सेकंदं ते धरतच नाहीत. आधी हलकेच टेकवून रिम पुसून घ्या.

झाडी संपली की खोरं समोर उघडतं. कॅस्केड हायवेला उजवीकडे वळलात की वारा लागेल. कोपर वाकवून अंग खाली घ्या, एक गिअर हलका ठेवा, आणि दोघं-तिघं असाल तर दर दोन मिनिटांनी पुढचा बदला. मागच्याने पुढच्याच्या चाकाला चाक कधीच भिडवू नये. अर्ध्या मीटरचं अंतर ठेवूनही वारा पुरेसा अडतो.

सिल्व्हर्टनला पोचल्यावर पायांत दम असेल तर गावाच्या उत्तरेला दोन-अडीच मैलांवर अबिक्वा ओढ्यावरचा गॅलन हाउस पूल बघा. १९१६ चा, छप्पर असलेला लाकडी पूल आहे. दारूबंदीच्या काळात पुलापाशी गॅलनने दारू विकली जायची, त्यावरून हे नाव पडलं. पूल एका वेळी एकाच गाडीला पुरतो. समोरची गाडी बाहेर पडू द्या, मग शिरा आणि फळ्यांवरून सरळ रेषेत, ब्रेक न लावता जा.

मोबाइलला उद्यानात आणि आसपास रेंज भरवशाची नाही. नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि घरी एकाला सांगून ठेवा: साडेसहाला निघालो, एकपर्यंत परत, दोनपर्यंत फोन आला नाही तर २१४ वरून शोधत यायचं.